शेवटचा माणूस वळेपर्यंत

"बाई, ह्यात कोनतरी टकटक करतंय," बिरूतात्या म्हणाले आणि कानावरचे हेडफोन काढून त्यांनी माझ्यापुढं धरले. "बगा बरं, बिघडलंय का काय."

बिघडलं काही नव्हतं. ती टकटक मीच सोडली होती. आमच्या धंद्यात तिला क्लिक म्हणतात. घड्याळासारखा एकसारखा ठोका हेडफोनमध्ये वाजत राहतो आणि वादक त्याच्यावर वाजवतो. म्हणजे नंतर मुंबईत कोणी त्यावर गिटार लावो की कीबोर्ड, सगळं एकमेकांवर बरोबर बसतं. ऐकणाऱ्याला क्लिक कधीच ऐकू येत नाही. वाजवणाऱ्याला मात्र दुसरं काही ऐकू येत नाही.

"तात्या, बिघडलं नाही. त्या ठोक्यावरच वाजवायचंय."

"त्या ठोक्यावर? पर त्यो कुनाचं ऐकतच न्हाय की. आपलंच रेटतोय."

तात्या सत्तरीच्या आसपासचे. निरवांगीच्या गजी मंडळाचे ढोलकरी. गजी म्हणजे धनगरांचा नाच: ढोल, झांज, हातात रुमाल आणि रिंगण. काचेच्या खोलीत, खुर्चीवर, मांडीवर ढोल घेऊन बसलेले तात्या एखाद्याला दवाखान्यात तपासायला बसवावं तसे दिसत होते. मी काचेच्या अलीकडे. माझ्या शेजारी ईशा.

ईशा पॉप गायिका. तिची गाणी जिममध्ये वाजतात, कॉलेजच्या गॅदरिंगला वाजतात. वाढली पुण्यात, पण आजोळ निरवांगीचं. तिला ‘माळ माझा मोकळा’ या जुन्या गाण्याचं कव्हर करायचं होतं. कव्हर म्हणजे दुसऱ्याचं गाजलेलं गाणं आपण नव्यानं गायचं. हे गाणं आमच्या भागात कोणाला माहीत नाही? मूळ गाणारे बुवा केव्हाच गेले, पण त्यांच्या त्या रेकॉर्डवाचून आमच्याकडे हळद लागत नाही. मूळ कंपनीची परवानगी रीतसर घेतली होती. मुंबईत बाकीचं संगीत तयार होतं, कंप्युटरवर केलेला ढोलसुद्धा तयार होता. ईशाचा एकच हट्ट होता. मूळ रेकॉर्डवर ढोल बिरूतात्यांनी वाजवलाय, एकोणीस वर्षांचे असताना. तर या गाण्यावरही त्यांचाच ढोल हवा.

नवं गाणं काढणाऱ्या कंपनीनं तिला दोन दिवस दिले होते. कंपनीचे समीर सर फोनवर मला म्हणाले, "मॅडम, दोन दिवसांत तात्यांचा ढोल मिळाला तर उत्तम. नाही तर मुंबईचा रेडी आहे. उद्या संध्याकाळी सहाला मला फाइल लागेल."

तर प्रश्न एवढाच होता. गाण्यात तात्या, की कंप्युटर.

माझा स्टुडिओ बारामतीत, एमआयडीसीच्या रस्त्याला. बियाण्याच्या जाहिराती, निवडणुकीच्या गाड्यांवरच्या घोषणा, कीर्तनं, लग्नाची गाणी, असं सगळं मी करते. वडिलांचा इंदापुरात लाउडस्पीकरचा धंदा होता. वायर सोलायला मी त्यांच्याकडे शिकले. स्टुडिओ बांधताना मात्र हात आखडला नाही. बाहेर दिवसभर ट्रक आणि दुधाचे टँकर, म्हणून भिंती दुहेरी केल्या, वर फोम लावला, खाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड गालिचा. आत टाचणी पडली तरी ऐकू येत नाही, कारण ती गालिच्यावर पडते. कोणी पाव्हणा आला की मी हे वाक्य त्याला ऐकवतेच.

त्या खोलीत तात्यांनी दुपारपर्यंत नऊ टेक दिले. टेक म्हणजे एकदा सुरुवातीपासून वाजवून घेणं. नऊच्या नऊ वाया. तात्या कधी ठोक्याच्या पुढं, कधी मागं. मी क्लिक बंद केली. मग तर दोन ओळींतच ते थांबले आणि आपल्या हाताकडे बघत राहिले.

त्यात त्या गाण्यात एक अवघड जागा. प्रत्येक धृपदाआधी ढोल थांबतो, झांज नुसती किणकिणत राहते, आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागल्यावर थाप पडते. ‘पाय माझं न्हाय थाऱ्याला’ ही ओळ मग उडी मारून येते. ती जागा किती मात्रांची ते कोणाला मोजता आलेलं नाही. प्रत्येक बँडवाला आपापल्या अंदाजानं थांबतो. मुंबईच्या संगीतकारानं ती सरळ चार मात्रांची करून टाकली होती. ईशाला तिथं गाताना दर वेळी अडखळायला होत होतं.

चारच्या सुमाराला तात्यांनी ढोल फडक्यात गुंडाळला.

"पोरी, हात गेला माजा," ते ईशाला म्हणाले. "वय झालं. तुजं गानं खोळंबू नगंस. त्यो मुंबईचा ढोल लाव."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ते ऐकून मला वाईट वाटलं आणि रागही आला, फक्त कोणाचा ते ठरेना. पन्नास वर्षं हाताला जे येत होतं ते माझ्या खोलीत एका दिवसात गेलं, असं मला काही पटत नव्हतं.

बाहेर पायरीवर चहा घेताना ईशानं विचारलं, "तात्या, तेव्हा पुण्यात रेकॉर्डिंग कसं केलं होतं?"

"समदे यष्टीनं गेलो हुतो. चौदा जन. कंपनीवाला म्हनला, ढोल-झांज तेवढी आत या, बाकीचं भायेर बसा. आमचा म्होरक्या म्हनला, मग आमी चाललो माघारी. शेवटाला समद्यास्नी आत घेतलं. मोठा हॉल हुता, खाली फळ्या. नाचलो तितंच."

"नाचायची काय गरज होती? रेकॉर्डवर नाच थोडाच दिसतो?" मी विचारलं.

तात्यांनी माझ्याकडे, शिकलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. "बाई, म्होरं पाय असल्याबिगर मी वाजवू कशावर?"

माझ्या डोक्यात तिथल्या तिथं उजेड पडायला हवा होता. अर्धाच पडला. मी म्हटलं, एवढंच ना, मग आणू पाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरवांगीहून पिकअपमधून आठ गडी आले. पांढरी धोतरं, लाल फेटे, हातात रुमाल, एकाकडे झांज. चौघेजण रजा टाकून आले होते, त्यातला एक आमच्याच एमआयडीसीतला. आठ जणांना माझी खोली पुरेना, तरी दाटीवाटीनं उभे राहिले. तात्यांनी ढोल गळ्यात घेतला, ईशानं रुमाल बांधलेल्या मनगटांकडे बघत गायला सुरुवात केली आणि पाय पडू लागले.

पडू लागले म्हणजे मला काचेतून दिसत होते. ऐकू काहीच येत नव्हतं. माझा तो जाड गालिचा सगळं गिळत होता. नाचणाऱ्यांना एकमेकांचा पाय ऐकू येईना, म्हणून रिंगण विस्कटलं. रिंगण विस्कटलं म्हणून तात्यांचा हात चुकला. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण नाचणाऱ्याला लावतो. इथं अंगणच वाकडं होतं, आणि ते मी हौसेनं बांधलेलं होतं.

नेमके तेव्हाच समीर सर पुण्याहून गाडी घेऊन आले. पांढरेशुभ्र बूट, हातात फोन, अंगाला अत्तराचा वास. माणूस वाईट नव्हता. त्यांना फक्त वेळेत घरी जायचं होतं.

"मॅडम, बारा वाजलेत. मला वाटतं आपण मुंबईचा ढोल घेऊ."

"सहापर्यंत वेळ आहे ना?" ईशा म्हणाली.

"आहे. पण इथं बसून काय होणार?"

"इथं बसायचंच नाहीये," मी म्हणाले. माझ्या स्टुडिओबद्दल असं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होते.

मी माईक, स्टँड, लॅपटॉप आणि वडिलांच्या धंद्यातला इन्व्हर्टर पिकअपमध्ये चढवला. ईशासाठी कीर्तनकारांचा कॉलर माईक घेतला. तीनच्या आत आम्ही निरवांगीच्या माळावर होतो. देवळापुढं मुरमाची टणक जागा आहे, पिढ्यान्‌पिढ्या रिंगण तिथंच होतं. तात्यांनी चप्पल काढून टाच दोनदा आपटली. धप्प, असा आवाज आला. तात्यांचा चेहरा लगेच सैल झाला. माझाही झाला असणार.

दोन माईक रिंगणावर, एक ढोलाजवळ. वाऱ्यासाठी माईकवर टोप्या. क्लिक नाही, हेडफोन फक्त मला. ईशा गायला लागली, पाय पडले, आणि तात्यांचा ढोल असा काही निघाला की मी खुर्चीवरून उठले. हाच तो. रेकॉर्डवरचाच माणूस. चाल हळूहळू चढत होती, कोणी न ठरवता.

आणि पाऊण मिनिटातच माझ्या कानात तिसरंच गाणं घुसलं.

उसाचा ट्रॅक्टर. कारखाने सुरू होते, रस्ता माळाला लागूनच. मागं दोन ट्रॉल्या आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पेटीएवढे दोन स्पीकर. आमच्याकडे ट्रॅक्टर डिझेलवर चालतो की गाण्यावर, हे सांगणं कठीण. तो गेला, आम्ही पुन्हा सुरू केलं. दुसरा आला. तिसऱ्याच्या स्पीकरवर तर मूळ ‘माळ माझा मोकळा’च लागलेलं. आमचंच गाणं आमच्यावर चाल करून आलं, आणि आमच्या गड्यांचे पाय आपोआप त्याच्या तालावर गेले. हसून हसून आमची मुरकुंडी वळली. समीर सर हसले नाहीत. ते घड्याळ बघत होते. पावणेपाच झाले होते.

"दोन गडी धाडा," तात्या म्हणाले. "एक ह्या अंगानं, एक त्या अंगानं. गानं हुईस्तवर गाड्या थांबवा म्हनावं."

दोन तरणे गडी मोटारसायकलवर रुमाल फडकवत दोन्ही बाजूंना गेले. आता रिंगणात सहाच उरले.

"सहावर जमत न्हाय," तात्या म्हणाले. "चारी अंगाला जोडी लागती. ईशे, तू ये आत." मग त्यांची नजर फिरत फिरत गाडीला टेकलेल्या समीर सरांवर थांबली. "आन पावनं, तुमी या."

"मी? तात्या, मला नाचता येत नाही."

"नाचायचं कुठंय, चालायचं हाय. बूट काढा."

समीर सरांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या हातातला फोन घेतला. पांढरे बूट गाडीच्या बॉनेटवर ठेवले गेले. ते घड्याळ काढायला लागले तेव्हा तात्या म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ द्या. त्येला कोन बगतंय?"

एक फेरी नुसती सवयीसाठी घेतली. धृपदाआधीच्या त्या जागी म्होरक्यानं रुमाल वर केला आणि सगळे उलट्या दिशेला वळू लागले. ईशानं ओळ उचलली.

"थांब की," तात्या म्हणाले. "मागचा मानूस अजून वळला न्हाय."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? रिंगान वळताना शेवटचा मानूस वळल्याबिगर ढोल पडत न्हाय. मागं ऱ्हायलेल्याला टाकून जायाचं व्हय?"

मी कानावरचे हेडफोन खाली घेतले. "तात्या, मग रेकॉर्डवरची ती जागा?"

"कंची जागा?"

पन्नास वर्षं महाराष्ट्रातले बँडवाले ज्या जागेवर डोकं फोडत होते, ती प्रसिद्ध आहे हे तात्यांच्या गावीही नव्हतं. मी त्यांना गुणगुणून दाखवली.

"ती व्हय," तात्या म्हणाले. "त्यो म्हादबा. आमच्यात शेवटाला असायचा. अंगानं दांडगा. बैलगाडी वळावी तसा वळायचा. त्येच्यासाटनं थांबलो."

मला एका आर्केस्ट्रावाल्यानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की ती जागा म्हणजे विरहाचा उसासा आहे. विरह कसला, म्हादबा होता तो. म्हणून ती मोजता येत नव्हती. प्रत्येक वेळी म्हादबा वेगळा वळला असणार.

एव्हाना दोन्ही बाजूंना ट्रॅक्टर उभे राहिले होते. स्पीकर बंद. ड्रायव्हर कुरकुर करत आले आणि रिंगणाबाहेर उकिडवे बसले. त्यातला एक जाडजूड मिशीवाला म्हणाला, "गानं हुईस्तवर थांबतो, पर आमाला कडंला बसून बगू द्या." मी म्हटलं, बघा, पण आवाज करू नका. त्यानं तोंडावर बोट ठेवलं.

मी रेकॉर्डचं बटण दाबलं. सव्वापाच.

त्या सहा मिनिटांबद्दल मी आजवर अनेकांना सांगितलंय आणि दर वेळी सांगताना कमी पडलेय. ईशा अनवाणी होती, गाताना तिला धाप लागत होती आणि ती धाप गाण्यात जात होती. स्टुडिओत मी ती काढायला लावली असती. पाय मुरमावर एकदम पडत होते. आणि पहिलं वळण आलं. रुमाल वर गेला. सात जण वळले. समीर सर उलट्या बाजूला वळले, समोरच्या गड्यावर आपटले, "सॉरी" म्हणाले, पुन्हा फिरले. झांज किणकिणत होती. तात्यांची काठी हवेत. ते समीर सरांकडे बघत होते, घाई नाही, राग नाही, भाजी निवडून होण्याची वाट बघावी तसे. समीर सर एकदाचे वळले. थाप पडली, आणि ईशा अशी आली की माझ्या अंगावर काटा उभा राहिला.

अशी चार वळणं झाली. चौथ्याला समीर सर बऱ्यापैकी वळायला लागले होते, तरी शेवटचे तेच. चेहरा लाल, शर्ट बाहेर, आणि तोंडभर हसू. शेवटची थाप पडली तेव्हा त्या मिशीवाल्या ड्रायव्हरला राहवलं नाही. त्यानं तोंडावरचं बोट तोंडात घातलं आणि शिट्टी मारली. ती शिट्टी गाण्यात आहे. काढता आली असती. काढली नाही.

मग दोन्ही बाजूंचे ट्रॅक्टर एकदम हॉर्न वाजवत निघाले. तात्या मुरमावरच बसले आणि आपला उजवा हात उलटा-पालटा करून बघू लागले.

"काल म्हनत हुतो हात गेला," ते ईशाला म्हणाले. "त्यो हितंच ऱ्हायला हुता."

ईशानं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि रडली. मीही रडले, पण मला केबल गुंडाळायच्या होत्या, त्यामुळे ते फारसं कोणाला दिसलं नाही. सहाला पाच कमी असताना मी समीर सरांच्या हातात फाइल दिली. त्यांनी ती कुठं ठेवली हे मला आठवत नाही. ते बूट विसरून गाडीत बसले होते, हे आठवतं.

साधारण पंधरा दिवसांनी मुंबईहून मिक्स आला. मिक्स म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवून तयार झालेलं गाणं. क्लिक नव्हती, म्हणून मुंबईचं बाकीचं संगीत त्यांनी तात्यांच्या चालीवर नव्यानं बसवलं होतं. मी तात्यांना बारामतीला बोलावून घेतलं. समीर सर स्पीकरफोनवर होते. गाणं सुरू झालं. तात्या मान डोलावत होते. पहिलं धृपद आलं आणि मान थांबली. दुसऱ्याला कपाळावर आठी आली.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, "चांगलं झालंय. पर शेवटचा मानूस कुठं गेला?"

मी पडद्यावर बघितलं. मिक्स करणाऱ्यानं चारही जागा कापून नेटक्या केल्या होत्या. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला ते वाजवणाऱ्याचं अडखळणं वाटलं असणार. मी तरी आदल्या महिन्यात तेच केलं असतं.



"तात्या," समीर सर म्हणाले, "तो मी होतो. मला परत आत घ्यायला सांगतो."

घेतलं. गाणं आता सगळीकडे वाजतंय, ट्रॅक्टरवर तर हमखास. नव्या गाण्यातल्या त्या जागा जुन्यापेक्षा लांब आहेत. परवा एक बँडवाला मला विचारायला आला, की मॅडम, तिथं नक्की किती मात्रा थांबायचं? मी म्हटलं, तुझ्या बँडमध्ये सगळ्यात मागं कोण असतं, त्याला विचार.

स्टुडिओतला अर्धा गालिचा मी काढला आणि खाली शहाबादी फरशी टाकली. आता टाचणी पडली की ऐकू येते.